दात सरळ करण्याच्या खटपटीचा इतिहास

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत दरवर्षी हळदीकुंकवाचा वृत्तांत, पाककृती, सहलीचे वर्णन असे काही ना काही येते. यंदा कार्यकारिणीच्या भगिनींनी मला लिहायला सांगितले तेव्हा मी हा विषय घेतला, कारण गेल्या दोन-तीन वर्षांत आपल्या गल्लीतल्या निदान सात-आठ मुलामुलींच्या दातांना तारा लागल्या आहेत, आणि भजनाला बसण्यापूर्वी आयांचे बोलणे चालते ते याच गोष्टीवर. तारा लावाव्या, की हल्लीचे ते पारदर्शक अलायनर घ्यावे? खर्च किती? मुलीचे स्थळ पाहायला लागण्याआधी सगळे उरकेल का? माझे शिक्षण सातवीपर्यंतच. पण माझी भाची दंतवैद्यकीय महाविद्यालयात शिकते. तिने आपली जाडजूड पुस्तके उघडून मला अर्थ सांगितला आणि मी तिला प्रश्न विचारून भंडावून सोडले. त्यातून जे हाती लागले ते आपणांपुढे ठेवते.

वाकडा दात ही काही आजची तक्रार नव्हे. आपल्याकडे मुलाचा दुधाचा दात पडला की तो कौलावर टाकून किंवा उंदराच्या बिळाशी ठेवून उंदरासारखा दात मागण्याची रीत होतीच. तिकडे रोममध्ये सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी सेल्सस नावाच्या ग्रंथकाराने याहून कामाचा उपाय लिहून ठेवला. दुधाचा दात पडण्याआधीच मागून नवा डोकावू लागला, तर जुना काढून टाकावा आणि नवा दात जागेवर येईपर्यंत रोज बोटाने ढकलावा. किती साधी गोष्ट! ना तार, ना खर्च. "मावशी, तत्त्व आजचेच आहे," भाची म्हणाली, "थोडा जोर, पण रोज." पुढे जे जे झाले ते सारे या बोटाच्या जागी दुसरे काहीतरी बसवण्याचे प्रयत्न होते, असे म्हटले तर वावगे ठरू नये.

त्याच इटलीत रोमनांच्याही आधीच्या एट्रुस्कन लोकांच्या थडग्यांत दातांभोवती बसवलेल्या सोन्याच्या पट्ट्या सापडल्या आहेत, आणि त्या बहुतेक स्त्रियांच्याच. पुष्कळ लोक त्यांना जगातल्या पहिल्या तारा म्हणतात. पण त्या दात सरकवण्यासाठी नव्हत्या. गेलेल्या दाताच्या जागी बसवलेला दात धरून ठेवण्यासाठी होत्या, असे अभ्यासकांचे मत आहे. म्हणजे ती कवळीची आजी, तारांची नव्हे.

तारांची खरी वंशावळ फ्रान्सपासून सुरू होते. त्या काळी पॅरिसच्या पुलावर आणि जत्रांतून उभे राहून दात उपटणारे लोक असत. पिएर फोशार या दंतवैद्याने मात्र १७२८ साली आपली सारी विद्या दोन खंडांच्या ग्रंथात छापून टाकली. त्यात त्याने एक पट्टी वर्णिली आहे. घोड्याच्या नालासारखी वळवलेली, सोन्याची किंवा चांदीची, तिला भोके पाडलेली. ती दातांच्या रांगेला लावायची आणि वाकडे दात दोऱ्याने तिला बांधून ओढून घ्यायचे. बांधता येत नसेल तर चिमट्याने दात एका बैठकीतच पिळून सरळ करायचा व शेजारच्या दातांना बांधून ठेवायचा, असाही प्रकार तो करी. वाचताना माझ्या अंगावर काटा आला. भूल देण्याची सोय तेव्हा नव्हती हे लक्षात घ्या.

पुढल्या शंभर-सव्वाशे वर्षांत पट्टीच्या जोडीला स्क्रू आला, रबर आले. रबराच्या नळीचे काप करून दात ओढण्यासाठी वापरण्याची युक्ती अमेरिकेत १८५० च्या सुमारास निघाली. आज तारांवर दिसणारी रंगीत रबरी कडी त्याच कुळातली. पण मला सर्वांत नवल वाटले ते सॅन फ्रान्सिस्कोच्या इमर्सन एंजेल यांच्या हकिकतीचे. चौदा वर्षांच्या एका मुलीचा वरचा जबडा अरुंद होता. त्यांनी तिच्या टाळूला आडवा स्क्रू बसवला आणि त्याची किल्ली तिच्याच हाती देऊन दिवसातून दोनदा फिरवायला सांगितले. दोन आठवड्यांत पुढच्या दोन पटाशींमध्ये पाव इंच फट पडली, म्हणजे टाळूचे हाडच मधून उकलले. १८६० साली त्यांनी हे प्रसिद्ध केले तेव्हा असे होणेच शक्य नाही म्हणून लोकांनी ते मोडीत काढले. शंभर वर्षांनी तोच उपाय पुन्हा पुढे आला आणि आज वाढत्या वयाच्या मुलांत सर्रास वापरतात. त्या मुलीचे नाव कोठे नोंदलेले आढळले नाही. घरी बसून रोज स्वतःच्या टाळूतली किल्ली फिरवणे हे काही लहान धैर्य नव्हे!

आता, दात मुळात सरकतो कसा? मला वाटे, दात म्हणजे भिंतीत ठोकलेला खुंटा. ढकलला तर एक तर हलणार नाही, नाही तर उपटून येईल. पण दाताचे मूळ आणि जबड्याचे हाड यांच्यामध्ये तंतूंची एक पातळ गादी असते. दातावर एका बाजूने दाब पडला की त्या बाजूचे हाड विरघळत जाते आणि दुसऱ्या बाजूला नवे भरत जाते. म्हणजे खुंटा सरकतो आणि भिंत त्याच्यामागे स्वतःला लिंपून घेते. स्वीडनचे कार्ल सँडस्टेट यांनी १९०४ च्या सुमारास कुत्र्याच्या दातांवर प्रयोग करून हे दाखवले आणि आणखीही एक गोष्ट दाखवली: जोर फार झाला तर ती गादीच मरते आणि दात अडून बसतो. पुढे १९३२ साली ऑस्ट्रियाचे श्वार्त्झ यांनी योग्य जोराचे मापही सांगितले, चौरस सेंटिमीटरला २० ते २६ ग्रॅम. आपल्या भाषेत सुमारे दोन तोळे, म्हणजे एका गोठाचे वजन, तेही नखाएवढ्या जागेवर! इतक्या हलक्या हाताने काम घेतले तर दात महिन्याला साधारण एक मिलिमीटर सरकतो. डॉक्टर मुद्दाम दिवस लावतात असे आपल्यांत काहीजणी म्हणतात, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिले.

या शास्त्राला आजचे रूप दिले ते अमेरिकेच्या एडवर्ड अँगल यांनी. वाकड्या दातांचे प्रकार कसे ओळखावे याची त्यांनी १८९९ साली केलेली वर्गवारी आजही विद्यार्थ्यांना पाठ करावी लागते. १९०० साली सेंट लुई येथे त्यांनी केवळ याच विषयाची शाळा काढली. त्यांच्याकडे ॲना हॉपकिन्स नावाची तरुणी चिटणिसाचे काम करी. तिने पुढे आयोवा विद्यापीठातून दंतवैद्यकाची पदवी घेतली, १९०८ साली अँगल यांच्याशी विवाह केला आणि त्यांच्या शाळेचा, लेखनाचा, विद्यार्थ्यांचा सारा व्याप सांभाळला. विद्यार्थी तिला आईच म्हणत. तारांना मात्र नाव राहिले एकट्या अँगल यांचे. हे आपल्या ओळखीचेच आहे.

अँगल यांनी साधन चार वेळा बदलले. शेवटचे, १९२५ ते १९२८ च्या सुमाराचे, सर्वांत महत्त्वाचे. प्रत्येक दातावर एक चिमुकले ब्रॅकेट, त्याला चौकोनी खाच आणि खाचेत चौकोनी तार. गोल भोकात गोल दांडा नुसता फिरतो, चौकोनी भोकातला चौकोनी दांडा भोकालाही आपल्याबरोबर वळवतो. तसे या तारेने दाताचे नुसते टोकच नव्हे तर मूळही वळवता येऊ लागले. आज आपल्या मुलांच्या दातांवर जे दिसते ते अजून त्याच खाचेचे वंशज आहे. अँगल यांचा आणखी एक हट्ट होता: देवाने दिलेले बत्तीसही दात ठेवलेच पाहिजेत, जागा करण्यासाठी एकही काढायचा नाही. त्यांच्या हयातीत त्यांच्या शिष्यांत विरुद्ध बोलण्याची छाती फारशी कोणाला झाली नाही. १९३० साली ते वारले. त्यांचेच शिष्य चार्ल्स ट्वीड यांना मात्र दिसू लागले की दाटीवाटीने उभे केलेले दात पुन्हा वाकडे होतात आणि ओठ पुढे येतात. त्यांनी अशा शंभर रुग्णांच्या चार उपदाढा काढून पुन्हा उपचार केले आणि १९४० साली आधीचे व नंतरचे साचे सर्वांसमोर मांडले. डॉक्टरांनी चार चांगले दात काढायला सांगितले म्हणजे आपला जीव खालीवर होतो. तो वाद शंभर वर्षांचा आहे आणि अजून पुरता मिटलेला नाही. दर मुलाचा जबडा पाहूनच ते ठरते.

अमेरिकेत तारा पक्क्या बसत गेल्या, युरोपात काढता-घालता येणाऱ्या साधनांची वेगळी वाट निघाली. त्याचे मूळ एका बापाच्या काळजीत आहे. डेन्मार्कचे व्हिगो आंद्रेसेन यांची मुलगी १९०८ साली उन्हाळ्याच्या सुटीला निघाली. तीन महिने तारांकडे कोण पाहणार, म्हणून त्यांनी त्या काढल्या आणि रात्री तोंडात घालण्यासाठी एक सैल पट्टी करून दिली. हेतू एवढाच, की झाले काम बिघडू नये. मुलगी परतली तेव्हा दात बिघडले तर नव्हतेच, उलट जबड्याची ठेवण सुधारली होती. त्यातून वाढत्या वयातल्या मुलांच्या जबड्याला वळण लावणारी साधने निघाली.

तारांची कथा पुढे चालू राहिली. आधी सोन्याच्या असत, त्या १९३० नंतर हळूहळू स्टेनलेस स्टीलच्या झाल्या आणि किंमत उतरली. तरी प्रत्येक दाताला धातूचे कडे चढवावे लागे. सगळे तोंड पत्र्याच्या डब्यासारखे दिसे, आणि कडी काढली की दोन दातांमध्ये कड्याच्या जाडीइतकी फट राही, ती वेगळी बुजवावी लागे. १९५५ साली मायकेल बुओनोकोर यांनी दाताच्या कवचाला सौम्य आम्ल लावून ते खरखरीत केले म्हणजे त्याला लेप घट्ट धरतो असे दाखवले. पाट्याला टाकी लावतात ना, तसेच. त्याच आधारावर १९६५ साली जॉर्ज न्यूमन यांनी ब्रॅकेट सरळ दातालाच चिकटवले. बाकी राहिली तार. अमेरिकेच्या नौदलाच्या प्रयोगशाळेत क्षेपणास्त्रांसाठी धातू शोधता शोधता निकेल व टायटॅनियमचा असा मिश्रधातू सापडला, की वाकवला तरी आपल्या मूळ आकारावर परत येतो. आयोवाचे जॉर्ज आंद्रिसेन यांनी १९७१ च्या सुमारास तो दातांत आणला. म्हणून आता सुरुवातीची तार पिळावी लागत नाही. ती हळूहळू आपणच सरळ होते आणि दातांना बरोबर घेऊन जाते.

इतके सगळे होऊनही तारांचा जाच संपला का? माझ्या थोरल्या मुलीने पावणेदोन वर्षे तारा वापरल्या, तेव्हा हे मी पुस्तकातून नव्हे, घरातून सांगते. तार घट्ट केल्यावर पहिले दोन-तीन दिवस मऊ भात आणि वरण. गाल आतून सोलला की डॉक्टरांनी दिलेले मेण तारेच्या टोकाला लावायचे. ऊस, चिक्की, भाजलेले कणीस, कडक बोरे, चकली, सारे बंद. संक्रांतीच्या दिवशी सगळे तिळाच्या वड्या खात असताना तिने तीळ घातलेले दूध प्यावे, असे झाले. एकदा शेंगदाण्याने ब्रॅकेट निघाले आणि पुन्हा चिकटवण्याचे वेगळे पैसे पडले. हे सगळे सोसण्यासारखे आहे. न सोसण्यासारखी गोष्ट म्हणजे अस्वच्छता. ब्रॅकेटच्या कडेने अन्न अडकून राहिले की कवचातले क्षार निघून जातात, आणि दीड-दोन वर्षांनी मोठ्या हौसेने तारा काढल्यावर सरळ दातांवर चौकोनी पांढरे डाग दिसतात. ते पुरते जातीलच असे नाही. हे टाळणे सर्वस्वी घरच्यांच्या हाती आहे: दर जेवणानंतर ब्रश, तारेखालून जाणारा बारीक ब्रश वेगळा आणि रात्री आईने एकदा उजेडात तोंड पाहणे. याशिवाय दातांची मुळे टोकाशी थोडी झिजतात; केचम यांनी १९२० नंतरच्या दशकातच एक्स-रे काढून हे दाखवले होते. बहुतेकांचे ते नगण्य असते, काहींचे नसते, म्हणून मध्ये एक्स-रे काढायला सांगितला तर पैशाकडे पाहून टाळू नये. आणि ज्यांचे कान खोट्या कानातल्यांनी चिघळतात त्यांनी ते डॉक्टरांना आधीच सांगावे. तारेत निकेल असते आणि ते न सोसणाऱ्यांत स्त्रियांचेच प्रमाण अधिक.

दिसण्याची लाज हा एक मोठा दोष राहिलाच. ती झाकण्यासाठी १९७० नंतर दातांच्या मागच्या बाजूने, जिभेकडून तारा लावण्याची पद्धत अमेरिका व जपान दोन्हीकडे निघाली. त्या दिसत नाहीत, पण जीभ सोलते, बोलणे काही दिवस बोबडे होते आणि खर्च जास्त. १९८७ च्या सुमारास दातांच्या रंगाची सिरॅमिक ब्रॅकेट आली. ती छान दिसतात, मात्र ठिसूळ, आणि त्यांवरची पांढरी रबरे आपल्या हळदीने दोन दिवसांत पिवळी होतात! परदेशी पुस्तकांत हा दोष आमटीच्या घरातल्यासारखा ठळक लिहिलेला नाही.

राहिले अलायनर. याची कल्पना नवी नाही. अमेरिकेचे हॅरल्ड केसलिंग यांनी १९४५ साली रबराचा एक साचा काढला, तोंडात घालून दात शेवटचे जागेवर बसवणारा. असे एकामागून एक साचे दिले तर मोठाले बदलही होतील, हे त्यांनी तेव्हाच लिहून ठेवले. पण इतके साचे हाताने करणार कोण? ते काम संगणकाने केले. स्टॅनफर्ड विद्यापीठात व्यापारशास्त्र शिकलेले झिया चिश्ती आणि केल्सी वर्थ या दोघांनी १९९७ साली कंपनी काढली. दोघेही दंतवैद्य नव्हेत. चिश्ती यांना मोठेपणी तारा लागल्या होत्या. त्या निघाल्यावर मिळालेली पारदर्शक पट्टी काही दिवस घातली नाही की दात हलत आणि पुन्हा घातली की परत येत. त्यातून त्यांना हे सुचले. १९९८ साली अमेरिकेच्या सरकारी खात्याने परवानगी दिली. २०१७ पासून पहिली पेटंटे संपू लागली आणि मग अनेक कंपन्या निघाल्या, आपल्या देशातल्याही.

अलायनर दिसत नाही, जेवताना निघतो, दात नेहमीसारखे घासता येतात. तारांचे तीन मोठे दोष एका झटक्यात गेले. पण बदल्यात तो एक गोष्ट मागतो. दिवसाचे वीस ते बावीस तास तोंडात. आपल्याकडे सकाळचा चहा, अकराचा चहा, चारचा चहा, पाहुणा आला की आणखी एक. आणि गरम चहा अलायनर घालून प्यायचा नाही, वाकतो. तार तोंडात असते म्हणून काम करते. अलायनर मुलगी घालील तेवढेच करील. त्यातून गोल सुळा जागच्या जागी फिरवणे किंवा दात खाली ओढून आणणे अशी कामे त्याला जड जातात. त्यासाठी दातांवर दाताच्याच रंगाचे उंचवटे चिकटवावे लागतात, म्हणजे अगदीच काही दिसत नाही असे नाही. थोडी फट, थोडी दाटी असेल, मुलगी समजदार असेल, तर अलायनर उत्तम. जबड्याचाच दोष असेल किंवा मूळ वळवायचे असेल, तर माझे मत अजून तारांकडे झुकते, आणि भाचीचेही तेच.

एका गोष्टीपासून मात्र सावध राहावे. डॉक्टरांना न भेटता घरपोच अलायनर देण्याचा धंदा अमेरिकेत २०१४ साली मोठ्या थाटात सुरू झाला होता. ती कंपनी डिसेंबर २०२३ मध्ये बंद पडली आणि अर्ध्या वाटेवरचे लोक तसेच राहिले. आपल्याकडेही माझ्या नात्यातल्या एका मुलीचे माप घरी येऊन घेऊन गेले. हिरड्या सुजलेल्या, एक दाढ किडलेली. ते कोणी पाहिलेच नाही. सहा महिने साचे घातल्यावर पुढचा एक दात हलू लागला, तेव्हा कोठे ती दंतवैद्याकडे गेली. आधी हिरड्या बऱ्या करा, मग दात हलवा, एवढे साधे सांगायलाही समोर माणूस लागतो.

खर्चाविषयी. भारतातले पहिले दंतवैद्यकीय महाविद्यालय डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी १९२० साली कलकत्त्याला काढले, आणि त्याच्या खर्चासाठी आइस्क्रीम-सोड्याचे दुकान चालवले! (दातांसाठी आइस्क्रीम, गंमतच आहे.) मुंबईत नायर रुग्णालयाचे महाविद्यालय १९३३ सालचे. दात सरळ करणाऱ्या तज्ज्ञांची भारतीय संघटना १९६५ साली स्थापन झाली. आज मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर येथील सरकारी महाविद्यालयांत या विषयाचे स्वतंत्र विभाग आहेत आणि खाजगी दवाखान्यापेक्षा पुष्कळ कमी पैशांत काम होते. रांग असते, खेपा पडतात, विद्यार्थी काम करतात. पण वर शिक्षक असतात. ज्यांना हप्ते काढूनच हे करावे लागणार आहे त्यांनी आधी तेथे एक खेप जरूर घालावी.

शेवटची गोष्ट कोणी आधी सांगत नाही. तारा असोत की अलायनर, काम संपल्यावर दात परत फिरू पाहतात. सिएटलच्या विद्यापीठात उपचारानंतर दहा वर्षांनी पासष्ट लोकांचे दात पाहिले, तर सुमारे दोन-तृतीयांशांच्या खालच्या पुढच्या दातांची दाटी पुन्हा नको इतकी झाली होती. हे १९८१ साली छापून आले. म्हणून दात धरून ठेवणारी पट्टी, रिटेनर, घालावीच लागते. तारेची नि पट्टीची जी जुनी जात आहे ती चार्ल्स हॉली यांची, १९१९ सालची. हल्ली पारदर्शकही मिळते किंवा दातांमागे बारीक तार कायमची चिकटवतात. पहिले काही महिने जवळजवळ दिवसभर, मग रात्री, आणि रात्रीची तर वर्षानुवर्षे. सासरी जाताना ती बरोबर न्यायची. ती जेवताना काढून कागदी रुमालात गुंडाळून ठेवू नये. गेल्या वैशाखात एका लग्नाच्या पंगतीत एका मुलीची पट्टी अशीच पत्रावळीबरोबर गेली, आणि नवरीकडची दोन माणसे अर्धा तास खरकट्यात काठ्या घालून शोधत होती. तिची डबी करावी, डबीवर नाव घालावे आणि ती पर्समध्येच असावी.